लग्नाला 21, फासाला 18

सकाळी शाळेच्या ग्रुपवर खुनाच्या एका आरोपीबद्दल मेसेज: 'एकोणीस वर्षांचा आहे म्हणून काय झालं? भर चौकात लटकवा.' खाली अंगठ्यांची रांग. हातातला चहा तसाच गार झाला.

एकोणीस वर्षांचा असताना मी विसर्जनाच्या मिरवणुकीत संज्याच्या डोक्यात झांज फेकून मारली होती. पितळेची, चांगली जड. कारण काय, तर तो माझ्या पुढे येऊन वाजवायला लागला. बस, एवढंच! कानामागे चार टाके पडले. बोटभर पुढे बसती तर कानशील होतं. त्याचे वडील पोलिसांत गेले नाहीत. माझ्या वडिलांनी मात्र मंडळासमोरच मला बडवला.

झांज वेगळी, खून वेगळा, मान्य. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांच्यासमोर माझंही तोंड उघडणार नाही.

पण आपल्या राज्यात पोराला लग्नाला 21 लागतात, दारूच्या परवान्याला 25, आणि फासाला 18 पुरतात! 2015 च्या बालन्याय कायद्याने अतिगंभीर गुन्ह्यात सोळा-सतराच्या पोरावर मोठ्यांसारखा खटला चालवता येतो, तरी फाशी देता येत नाही. मग अठराव्या वाढदिवसाचा केक कापला की रातोरात डोकं पिकतं का? घटनेच्या कलम 14 मधली समानता म्हणतात ती हीच का?

फाशी कधी द्यावी हे सांगणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या 1980 च्या बच्चनसिंग निकालात आरोपीचं तरुण वय बघा असं लिहिलंय खरं. बघा, एवढंच. बंधन नाही. अमेरिकेत 2005 साली अठराखालची फाशी घटनाबाह्य ठरली, तीसुद्धा 5 विरुद्ध 4 अशी काठावर. केंटकीत एका न्यायाधीशाने 2017 मध्ये ती रेषा 21 पर्यंत नेली, 2020 मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल रद्द केला.

आणि आपलं पुणं? 1994, कोथरूड, सात खून. तेव्हा 'फाशीच पाहिजे' म्हणणाऱ्यांत मीही होतो. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की फाशीची शिक्षा सुनावलेल्यांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता. साडेबारा! 28 वर्षं आत काढून सुटला. ज्या व्यवस्थेला साधा जन्मदाखला वाचायला एवढी वर्षं लागतात, ती एकोणीस वर्षांच्या पोराचं मन काय वाचणार, कपाळ?

जाऊ दे. चिडून लिहितोय.

संज्या, त्या अंगठ्यांत तुझाही दिसला. जरा कानामागे हात लावून बघ. आणि रागावू नकोस, रविवारी ये घरी. आई विचारत होती.