सुपरचार्जर वाढवणार म्हणतात, पण कोणाच्या जोरावर?

टेस्ला या विजेवरच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी काल, म्हणजे १० मे २०२४ ला, जाहीर केले की, टेस्ला यंदा सुपरचार्जरचे, म्हणजे आपल्या फास्ट चार्जरचे, जाळे वाढवण्यासाठी ५० कोटी डॉलरपेक्षा बरीच जास्त रक्कम खर्च करणार आहे आणि त्यातून हजारो नवे चार्जर उभे राहणार आहेत. माझ्याकडे विजेवर चालणारी गाडी आहे हे ठाऊक असल्यामुळे सकाळपासून अनेकांनी ही बातमी मला उत्साहाने पाठवली. त्यांचा हेतू चांगला आहे, परंतु वाचता वाचता माझा संताप वाढतच गेला. या घोषणेच्या दहाच दिवस आधी, म्हणजे ३० एप्रिलला, हे जाळे उभारणारा जवळजवळ संपूर्ण विभाग, प्रमुख रिबेका टिनुची यांच्यासह सुमारे ५०० माणसे, कामावरून काढून टाकल्याची बातमी आली होती. नवी ठिकाणे आता सावकाश उभारली जातील आणि भर राहील तो असलेली केंद्रे अखंड चालू ठेवण्यावर व वाढवण्यावर, असे मस्क यांनीच त्या दिवशी सांगितले होते. आता पैसा आहे, आकडा आहे, घोषणा आहे. ज्यांच्या हातून हे काम व्हायचे ती माणसे मात्र घरी बसली आहेत, आणि त्यांच्याबद्दल कालच्या निवेदनात एक अक्षरही नाही.

मी टेस्ला चालवत नाही. तरीही हा माझा प्रश्न का आहे, ते सांगते.

गेल्या जुलैमध्ये आई-बाबा आमच्याकडे आले होते, तेव्हा आम्ही सॅन होजेहून लॉस एंजेलिसला इंटरस्टेट ५ या महामार्गाने निघालो होतो. सेंट्रल व्हॅलीतून तो रस्ता जातो तिथे मैलोगणती बदामाच्या बागा आणि उघडी जमीन आहे. दुपारी पारा १०० फॅरनहाइटच्या वर गेलेला होता आणि थांबायला सावली म्हणून कुठे नव्हती. आम्ही ज्या कंपनीच्या केंद्रावर थांबलो तिचे नाव लिहीत नाही, कारण त्या काळात टेस्लाखेरीज इतर कोणाच्याही केंद्रावर कमी-अधिक फरकाने हेच घडू शकले असते. तिथे चार चार्जर होते. एकाचा पडदा उन्हाने इतका पांढरा पडला होता की, बाबा दोन्ही तळहातांनी त्यावर सावली धरून उभे राहिले तेव्हा कुठे मला अक्षरे दिसली, आणि ती अक्षरे ‘सध्या उपलब्ध नाही’ अशी होती. दुसऱ्याची केबल तांब्यासाठी कोणीतरी कापून नेली होती. तिसरा कार्ड घेईना. चौथ्यावर एक गाडी लागलेली होती आणि तिच्या मागे दुसरी वाट पाहत होती. हेल्पलाइनवरच्या बाईंनी तिसरे यंत्र दुरूनच बंद करून पुन्हा चालू केले, तेव्हा ते सुरू झाले खरे, पण इतक्या संथ गतीने की टक्का पुढे सरकताना पाहवेना. एसी लावला तर बॅटरी उतरेल म्हणून आई काचा उघड्या टाकून पदराने वारा घेत बसली होती.

रस्त्याच्या पलीकडे टेस्लाचे पांढरे-लाल खांब ओळीने उभे होते. गाड्या येत होत्या, लोक प्लग लावून हातपाय मोकळे करत होते आणि थोड्या वेळात निघून जात होते. आमच्या गाडीला तो प्लग बसत नव्हता. बाबा बराच वेळ तिकडे पाहत राहिले आणि मग मला म्हणाले, “अगं, त्यांची वीज वेगळी असते का?”

बाबांची सगळी नोकरी वीज मंडळात गेली. दोन्हीकडची वीज एकाच लाइनवरून आलेली आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. त्यांना विचारायचे होते ते एवढेच की, एकाच लाइनवरची दोन ठिकाणे इतकी वेगळी का चालतात.

याचे उत्तर त्या ५०० माणसांच्या कामात आहे. फास्ट चार्जर ही दुकानातून आणून भिंतीला अडकवायची वस्तू नव्हे. टेस्लाच्या २०२४ मधल्या नव्या पिढीतला एक खांब २५० किलोवॉटपर्यंत वीज ओढतो. असे आठ-दहा खांब एकत्र आले की, त्या जागेला एखाद्या लहान कारखान्याइतकी वीज लागते. त्यासाठी आधी जागामालकाशी भाडेकरार करावा लागतो, मग स्थानिक वीज कंपनीकडे अर्ज करून तिथल्या फीडरवर (त्या भागाला वीज पुरवणाऱ्या लाइनवर) तेवढा भार बसतो का ते तपासून घ्यावे लागते, नसल्यास नवा ट्रान्सफॉर्मर मागवावा लागतो (आणि ट्रान्सफॉर्मरची टंचाई या देशात गेली काही वर्षे सगळ्यांनाच जाणवते आहे), नगरपालिकेचे परवाने काढावे लागतात, चर खणून केबल टाकावी लागते, आणि हे सगळे झाल्यावर वीज कंपनीचा माणूस येऊन जोडणी देईपर्यंत तयार खांब नुसते उभे राहतात. यातील प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी कोणाला तरी ओळखत असते. अमुक काउंटीत परवाना कोणाच्या टेबलावर अडतो, अमुक वीज कंपनीत कोणाला फोन केला म्हणजे काम हलते, हे ज्ञान कुठल्याही संगणकात साठवलेले नसते. टेस्लाने काँक्रीटच्या तयार बैठकीवर चार-चार खांब कारखान्यातच बसवून ते ट्रकने जागेवर आणण्याची पद्धत काढली, आणि त्यामुळे जागेवरचे काम किती झटपट होऊ लागले, याचे कौतुक या क्षेत्रातले सगळेच करतात. तीही याच विभागाच्या डोक्यातून निघालेली गोष्ट होती.

सप्टेंबर २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात पहिली सहा केंद्रे सुरू झाली, त्यांपैकी हॅरिस रँच आणि लेबेक ही दोन याच इंटरस्टेट ५ वरची. गेल्या वर्षी सप्टेंबरपर्यंत जगभरातील चार्जरची संख्या ५०,००० झाली. अकरा वर्षांत इतके मोठे आणि इतके भरवशाचे जाळे दुसऱ्या कोणालाही विणता आले नाही. माझ्या ओळखीतल्या कित्येकांनी टेस्ला घेतली ती गाडीपेक्षा या जाळ्याकडे पाहून, आणि हे तुम्हालाही माहीत आहे.

आता मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट लिहिते. नोव्हेंबर २०२२ मध्ये टेस्लाने आपल्या प्लगचा आराखडा सर्वांसाठी खुला केला आणि इतर कंपन्यांना तो वापरण्याचे आवाहन केले. मे २०२३ मध्ये फोर्डने होकार दिला, जूनमध्ये जनरल मोटर्सने दिला, आणि त्यानंतर काही महिन्यांत अमेरिकेत गाड्या विकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कंपनीने तोच प्लग स्वीकारला. माझी गाडी बनवणारी कंपनीही त्यांत आहे. फोर्डच्या गाड्यांना फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस सुपरचार्जर खुले झाले, रिव्हियन या कंपनीच्या गाड्यांना मार्चमध्ये. बाकीचे आम्ही अॅडॉप्टरची वाट पाहत आहोत. म्हणजे संपूर्ण उद्योगाला हाक मारून ‘सगळे माझ्या दारात या’ असे सांगायचे, सगळ्यांनी आपले जुने बेत बाजूला ठेवून यायचे, आणि पाहुणे अंगणात पोहोचतात तोच स्वयंपाकघरातली माणसे घालवून द्यायची. दुसऱ्याने असे वागलेले आपण खपवून घेतले असते का? जो प्लग सर्वांचा झाला, तो एका माणसाच्या लहरीवर अवलंबून ठेवता येत नाही. मे २०२४ मध्ये अमेरिकेतील फास्ट चार्जरपैकी निम्म्याहून अधिक एकट्या टेस्लाचे आहेत. ते हातात ठेवणाऱ्याने स्वतःला केवळ गाड्यांचा विक्रेता समजून चालणार नाही.

कंपनीचे दिवस वाईट आहेत, हे मान्य. वर्षाच्या पहिल्या तिमाहीत ३,८६,८१० गाड्या ग्राहकांच्या हाती गेल्या. गेल्या वर्षी याच काळात तो आकडा ४,२२,८७५ होता. एप्रिलच्या मध्यावर दहा टक्क्यांहून अधिक नोकरकपात जाहीर झाली, तेव्हा खर्च आवरणे भाग आहे असे मीही म्हटले असते. परंतु त्याच आठवड्यात भागधारकांकडे प्रस्ताव गेला तो कशाचा? डेलावेअरच्या न्यायालयाने जानेवारीत रद्द केलेले मस्क यांचे सुमारे ५६ अब्ज डॉलरचे मोबदल्याचे पॅकेज पुन्हा मंजूर करा, याचा. ते पॅकेज शेअरच्या रूपात आहे, रोख नाही, हे मला कोणी समजावून सांगू नये. मला ते कळते. ५६ अब्जांची मागणी करणाऱ्या माणसाला ५०० लोकांचे पगार जड होतात, तेव्हा मला त्यात काटकसर दिसत नाही, मग्रुरी दिसते.

आणि कशासाठी? ८ ऑगस्टला रोबोटॅक्सी, म्हणजे चालकाविना चालणारी टॅक्सी, दाखवणार असे मस्क यांनी एप्रिलमध्ये जाहीर केले होते. चालक नसलेली गाडीही कुठेतरी थांबून चार्ज व्हावीच लागेल ना? किंबहुना दिवसरात्र फिरणाऱ्या गाडीला माझ्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त वेळा चार्जरवर यावे लागेल.

असलेल्या केंद्रांवर भर देण्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे मी नाकारत नाही. सुट्ट्यांच्या काळात केटलमन सिटीसारख्या ठिकाणी रांगा लागतात, तिथे खांब वाढले तर कोणाला नको आहे? पण आधीच गजबजलेल्या जागी आणखी खांब लावल्याने नकाशावरची रिकामी जागा भरत नाही. ज्या रस्त्यावर दोन केंद्रांमध्ये दीडशे मैलांचे अंतर आहे, तिथे कोणी जाणारच नसेल, तर तिथला शेतकरी, तिथली शिक्षिका विजेवरची गाडी घेणार कशी? आणि ज्यांचे स्वतःचे गॅरेज नाही त्यांचे काय? आपल्यातले कितीतरी जण भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतात. त्यांना रात्री घरी गाडी लावून सकाळी भरलेली बॅटरी मिळत नाही. त्यांच्यासाठी जवळचे फास्ट चार्जर हाच पेट्रोलपंप आहे. नवी ठिकाणे सावकाश उभारू या निर्णयाची किंमत सर्वांत आधी हे लोक मोजणार आहेत, आणि निर्णय घेणाऱ्यांपैकी एकालाही ती मोजावी लागणार नाही.

सरकार करील, असे काही मित्र म्हणतात. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात महामार्गांवरील चार्जिंगसाठी पाच वर्षांत पाच अब्ज डॉलर ठेवले आहेत, ही मोठीच गोष्ट आहे. दर ५० मैलांवर केंद्र, प्रत्येक केंद्रात किमान चार चार्जर, प्रत्येकी १५० किलोवॉट, आणि ९७ टक्के वेळ चालू राहण्याची अट, हे २०२४ मध्ये लागू असलेले सगळे नियम मला मनापासून पटतात. पण त्या पैशांतून उभे राहिलेले पहिले केंद्र गेल्या डिसेंबरमध्ये ओहायोत उघडले आणि मे २०२४ पर्यंत अशी केंद्रे मोजकीच होती. पैसा असून काम का हलत नाही, याचे कारण पुन्हा तेच आहे: ते हलवण्याचा सराव असलेली माणसे थोडी आहेत, आणि त्यांतली सर्वांत तरबेज माणसे टेस्लात होती.

लिहिता लिहिता राग थोडा ओसरला आहे, आणि आता त्या ५०० जणांचाच विचार मनात येतो आहे. त्यांतले कोणी माझ्या ओळखीचे नाही. पण एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली म्हणजे त्याच्या हाती ६० दिवस उरतात, हे आपल्यापैकी कोणाला सांगायची गरज नाही. आपण सगळ्यांनी ते दिवस स्वतःच्या नाही तर जवळच्या कोणाच्या घरी पाहिले आहेत. मुलांच्या शाळेचे काय, घराच्या भाडेकराराचे काय, भारतात घरी काय सांगायचे, हे सगळे एकाच रात्रीत समोर येऊन उभे राहते. अशा माणसांनी वाळवंटात आणि शेतांमध्ये उभे राहून या देशाला चार्जर दिले असतील, तर त्यांना निदान दोन शब्द सन्मानाचे मिळायला हवे होते.

बाबांशी आज सकाळी फोनवर बोलताना मी हे सगळे त्यांना सांगितले. त्यांना टेस्लाचे ते केंद्र चांगलेच आठवत होते. ते म्हणाले, “खांब राहतील गं. पण रात्री दोनला फ्यूज गेला, तर कोणाला उठवायचं हे माहीत असलेला माणूस आहे का तिथे?” मी त्यांना उत्तर देऊ शकले नाही, कारण मस्क यांच्या घोषणेत ते नाही.

म्हणून एक विनंती करते. माझ्या मित्रयादीत टेस्लाचे शेअर बाळगणारे पुष्कळ जण आहेत. १३ जून २०२४ ला वार्षिक सभा आहे आणि त्या पॅकेजवर तुम्हाला मत द्यायचे आहे. ते कोणत्या बाजूने द्यावे हे मी सांगणार नाही. माझे मत वर स्पष्ट आहे. परंतु मत देण्यापूर्वी कंपनीला लेखी विचारा की, भाडेकरार झालेल्या पण काम अर्धवट राहिलेल्या जागा किती आहेत, त्या प्रत्येक जागेची जबाबदारी आता कोणाकडे आहे, आणि काढून टाकलेल्या माणसांना सन्मानाने परत बोलावणार आहात की नाही.