तुपावर पहारा

दिवाळीच्या फराळात मला काही करायचं नसतं. मला फक्त उभं राहायचं असतं. गिरणीत उभं राहायचं, बेकरीत उभं राहायचं, कुरिअरच्या काउंटरपाशी उभं राहायचं. "तू काही करू नकोस, नुसता उभा राहा," असं आई म्हणाली की आमच्या घरात दिवाळी लागली. आकाशकंदील मागाहून लागतो.

पुण्यात तयार फराळ मिळत नाही असं थोडंच आहे? नवरात्र उठलं की कोथरूडला दर दोन चौकांआड मांडव पडतो आणि चकलीपासून चिरोट्यापर्यंत सगळं किलोवर मिळायला लागतं. आमच्या सोसायटीच्या फाटकातच बचत गटाच्या बायका टेबल टाकतात. त्यांची चकली आमच्या घरच्या चकलीपेक्षा खुसखुशीत असते. (हे वाक्य घरी वाचून दाखवलं जाणार नाही.) पण आईचं म्हणणं असं की विकतच्याला चव असते, खात्री नसते. खात्री म्हणजे प्रत्येक जिन्नस तिच्या नाहीतर तिच्या माणसाच्या डोळ्यांदेखत पडलेला असणं. तिचं माणूस म्हणजे मी. गुडघे संपावर गेल्यापासून ती डोळे माझे वापरते.

पहिली पाळी गिरणीत. चकलीच्या भाजणीला तांदूळ 4 वाट्या, हरभऱ्याची डाळ 2, उडीद डाळ 1, वर मूगडाळ, धणे, जिरे. सगळं वेगवेगळं भाजलेलं, कारण तांदूळ भाजून होईपर्यंत उडीद डाळ काही थांबत नाही. हा डबा घेऊन मी रांगेत. नंबर आला की गिरणीवाल्याला विचारायचं, "आधी काय दळलंय?" प्रश्न दिसतो तितका साधा नाही. जात्याच्या पोटात आधीच्याचं मूठ-दोन मुठी पीठ राहतं. आधी तांदूळ असतील तर उत्तम. कोणाची भाजणी असेल तर चालेल, पण कोणाची ते बघून. गहू असतील तर जरा थांबायचं आणि बाजरी असेल तर आपला नंबर सरळ मागच्याला देऊन टाकायचा. मागच्या बाईही घरून हेच शिकून आलेल्या असतात. "नाही नाही, तुम्ही आधी आलात, तुम्हीच घ्या." बाजरी दळून गेली की आमच्या गिरणीत जे सौजन्य पसरतं, ते पुण्यात एरवी कुठेही बघायला मिळत नाही. शेवटी गिरणीवालाच वैतागून मूठभर तांदूळ टाकतो, जातं साफ करतो आणि दिसेल तो डबा ओढतो.

चिवडा, लाडू, शंकरपाळे यांना पहारा लागत नाही. ते घरातल्या घरात होतात आणि घरातल्या घरात संपतात. अनारसे आईने मनावर घेतले तरच. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत वाळवायचे, आणि एवढं करूनही अनारसा तुपात पडल्यावर हसला तर घरातलं कोणीही दिवसभर हसायचं नाही.

खरा पहारा नानकटाईचा.

नानकटाईत चूक लपवायला जागाच नसते. मैदा, पिठीसाखर, तूप, थोडा रवा, वेलदोडा-जायफळ, चिमूटभर सोडा. पाक नाही, पाणी नाही. तूप बिघडलं की सगळं बिघडलं. तूप अर्थात घरचं. श्रावणापासून आई साय साठवते आणि आमच्या फ्रीजरमध्ये बर्फाला जागा राहत नाही. हे तूप परातीत घेऊन तळहाताने फेसायचं. सुरुवातीला ते पिवळसर आणि रवाळ असतं, बोटांना कणी लागते. मग कणी मोडते, तूप गुळगुळीत होतं, रंग हळूहळू उतरत जातो, आणि शेवटी पांढरंशुभ्र, हाताला हलकं लागायला लागतं. त्यातून बोट फिरवलं तर चर उमटते आणि तशीच राहते. आत हवा शिरलेली असते आणि तीच पुढे नानकटाईला खुसखुशीत करते. हे काम बायको करते, कारण आईचा खांदा दुखतो आणि माझा हात म्हणे गरम आहे. आमच्याकडे हातांना तापमान असतं. लोणचं आणि नानकटाई यांना गरम हात चालत नाही. भांडी घासायला चालतो.

फेसून झालं की आई वाटीत पाणी घेते आणि त्यात तुपाचा थेंब टाकते. थेंब तरंगला की झालं. मी एकदा म्हटलं, "आई, ही परीक्षा वड्यांच्या उडीद डाळीची. तूप पाण्यापेक्षा हलकंच असतं. न फेसता टाकलंस तरी तरंगेल."

आईने वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तरंगलं ना?"

"तरंगलं, पण..."

"मग झालं तर."

यावर आर्किमिडीजसुद्धा मुकाट्याने टबात परत गेला असता.

मधे बायकोने हौसेने ओव्हन घेतला. भट्टीची कटकटच नको, घरी करू. पहिली अडचण ऑक्टोबर महिन्याची. पाऊस गेला की पुण्यात दुपारचा पारा 32-33 पर्यंत चढतो, आणि त्याच सुमाराला साजूक तूप अंग सोडायला लागतं. एवढं फेसलेलं तूप बघता बघता बसलं. गोळे ट्रेमध्ये ठेवेपर्यंत चपटे झाले आणि ओव्हनमध्ये गेल्यावर त्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. ट्रेभर एकच नानकटाई झाली, सुरीने कापून खाल्ली. बायको हार मानणारी नाही. पुढच्या खेपेला परातीखाली बर्फाचं पाणी, गोळे अर्धा तास फ्रीजमध्ये, ओव्हन आधीच 170 अंशांवर तापवलेला. आम्ही काचेला नाक लावून बघत होतो. पाच-सात मिनिटं काहीच नाही. मग गोळा जरासा बसला, रुंद झाला आणि माथ्यावर केसाएवढी भेग पडली. तिला फाटे फुटत गेले. रंग मात्र जेमतेम बदलला.

ट्रे बाहेर आल्याबरोबर आईने बोट लावलं. "मऊ आहे. कच्ची आहे."

"आई, गार झाली की कडक होते ती," बायको म्हणाली.

मग ट्रेच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बायको आणि मधे मी, असे आम्ही नानकटाई गार होण्याची वाट बघत उभे राहिलो. गार झाली, छान कडक झाली. आईने तोडून बघितली. "आता जास्त झाली."

तरीही ओव्हनचा निभाव लागला असता. घात केला हिशेबाने. एका ट्रेमध्ये बारा बसतात, आणि आमची वाटणी म्हणजे दोन आत्या, मामेभावाचं घर, बायकोचं माहेर, वॉचमन, पोळ्यांच्या मावशी आणि न्यू जर्सीला मुलगी. दोन किलो मैद्याच्या दीडशेच्या वर नानकटाया होतात. त्यात ओव्हन चालू असताना कोणी गीझर लावला की घरातली वीज जाते. या वेगाने भाऊबिजेच्या नानकटाया तुळशीच्या लग्नाला मिळाल्या असत्या.

मुलीच्या पार्सलचं तर वेगळंच. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करतात, त्याला 5000 ने भागतात आणि येणारे किलो खऱ्या वजनापेक्षा जास्त भरले तर पैसे त्याचे घेतात. पातळ पोह्यांचा चिवडा म्हणजे बहुतेक हवाच, त्यामुळे आम्ही दरवर्षी पुण्याची हवा भारी दराने अमेरिकेला पाठवतो. मुलगी म्हणते, "बाबा, चिवडा नको, नानकटाई पाठवा, चुरा झाली तरी चालेल." चुरा होतेच. म्हणून मी तिथे उभा असतो, आमच्या खोक्यावर दुसऱ्याचे लाडू ठेवले जाऊ नयेत यासाठी.

तर शेवटी भट्टी. पेठेतली, जुन्या घराजवळची. कोथरूडहून तिथपर्यंत रिक्षाने जायचं, कारण जवळच्या बेकऱ्यांवर आईचा विश्वास नाही. या बेकरीवरही नाही, पण हा अविश्वास जुना आहे. सामान आपलं न्यायचं आणि नानकटाई करून आणायची. आईची ठाम समजूत अशी की बेकरीवाला आपलं साजूक तूप बाजूला काढतो आणि वनस्पती तूप, म्हणजे डालडा, घालतो.

"कुठला बेकरीवाला?"

"कुठलाही."

आईच्या पिढीला दोष देण्यात अर्थ नाही. डालडा 1937 साली आला आणि साजूक तुपात वनस्पती मिसळलं तर डोळ्यांना पत्ता लागेना. मग सरकारने वनस्पती करणाऱ्यांना त्यात किमान 5 टक्के तिळाचं तेल घालायला लावलं. कारण असं की तिळाच्या तेलाची हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरालशी गाठ पडली की गुलाबी-लाल रंग येतो. तुपाला हा रंग आला की भेसळ पकडली. म्हणजे तुपावरचा पहारा ही काही आमच्याच घरची लहर नाही, त्याला सरकारी आधार आहे. हे सगळं मी आईला उत्साहाने सांगितलं. म्हटलं, एवढी शंका आहे तर प्रयोगशाळेतून तपासून आणू.

"त्यापेक्षा तिथे उभा राहा," आई म्हणाली.

बेकरीवाल्याला वनस्पती आवडत असेल तर त्यामागे पाप असलंच पाहिजे असं नाही. ते पुण्याच्या ऑक्टोबरला दाद देत नाही, आकार धरून ठेवतं. त्यातल्या हृदयाला अपायकारक ट्रान्स फॅटवर 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आल्यावर त्याची जुनी बदनामीही जराशी उतरली असेल. पण हे युक्तिवाद घरी करण्याची सोय नाही.

बेकरीच्या दारात फुटपाथवर पत्र्याच्या डब्यांची रांग असते आणि प्रत्येक डब्याशेजारी एक पुरुष. सगळे कोणाच्या तरी आईच्या नाहीतर बायकोच्या वतीने उभे. डब्यांवर चिकटपट्टी आणि आडनाव. शेजारच्या काकांनी विचारलं, "तूप घरचं?" मी होय म्हटलं. "आमचं विकतचं," ते इतक्या हळू म्हणाले की मीच ओशाळलो. आत भट्टीचा ताव एवढा की कारागीर ओरडला, "साहेब, ते तूप घेऊन बाहेर थांबा. पातळ झालं तर मग मला बोलायचं नाही." म्हणजे तुपाजवळ थांबावं तर कारागीर दिसत नाही आणि कारागिरावर नजर ठेवावी तर तूप वितळतं. मी उंबरठ्यात उभा राहिलो, डबा बाहेर धरून आणि मान आत घालून. आमचं तूप परातीत पडताना मी बघितलं, फेसताना बघितलं, गोळे काळ्या पत्र्यांवर मांडताना बघितलं. लांब दांड्याच्या फावड्यावरून पत्रे आत गेले तेव्हा तर त्यांच्यामागोमाग आत जायचाच बाकी होतो.

घरी आईने एक नानकटाई मोडली, नाकाशी नेली आणि म्हणाली, "डालडा."

"आई, मी पापणी लववली नाही."

"तू बघत होतास रे, पण तुला कुठे बघायचं ते कळत नाही."

उरलेल्या मैद्याच्या वेळी आई स्वतः आली. रिक्षातून उतरायला वेळ लागला, पण उतरल्यावर रांगेतले सगळे पहारेकरी आपोआप बाजूला झाले. बेकरीच्या मालकांनी प्लास्टिकची खुर्ची मांडली. "या आजी, बसा. चहा सांगू?" मालक याच पेठेत जन्मलेले, माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतात. आई बसली, तुपाचा डबा मांडीवर. कारागिराने फेसायला घेतलं तशी म्हणाली, "सोडा बेताने घाल रे बाबा." तो म्हणाला, "आजी, घरचा ओव्हन वेगळा, आमची भट्टी वेगळी." मग जायफळ किती यावरून दोघांचं वाजलं. वेलदोड्यावर एकमत झालं. हल्लीच्या मैद्यात राम राहिला नाही यावर तर मालकही सामील झाले. मी खुर्चीमागे उभा होतो. मला कोणी काही विचारलं नाही.

तेवढ्यात कारागिराने रिकाम्या डब्यात मूठभर मैदा टाकला, हाताने डब्याच्या कडा, तळ, झाकणाची आतली बाजू सगळं पुसून घेतलं आणि तो तुपकट मैदा परातीत झटकला. डबा आतून लख्ख. आई ते बघत राहिली. मग मान वळवून मला म्हणाली, "हा माणूस चांगला आहे." मागच्या खेपेलाही त्याने डबा असाच पुसला होता, पण ते सांगायची माझी प्राज्ञा नव्हती.

पत्रे बाहेर आले. आईने एक गरम नानकटाई फुंकर मारून खाल्ली. "आता कशी बरोबर झाली." तेच तूप, तोच मैदा, तोच कारागीर.

निघताना ती काउंटरपाशी थांबली. "अर्धा किलो खारी द्या. यांची खारी फार छान असते."

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "आई, खारी कुठल्या तुपातली आहे, विचारलंस का?"

"खारीला काय विचारायचं?" पुडा सोडत आई म्हणाली. "ती काय आपली आहे?"