व्हेगासला आई-बाबांना नेताना

अमेरिकेत सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना काय काय दाखवायचं, हे बहुतेक मराठी घरांत त्यांचं विमान उतरायच्या आधीच ठरलेलं असतं. नायगारा, न्यूयॉर्क, एखादं मोठं देऊळ, आणि लास व्हेगास. पहिल्या तिघांबद्दल कुणाला काही समजावावं लागत नाही. व्हेगासचं नाव निघालं की मात्र आई विचारते, "तिथे आपलं काय काम?" मग घाईघाईने सांगावं लागतं, की ग्रँड कॅन्यन तिथून जवळ आहे. जवळ नाही. पण बेत एकदाचा सुरू होतो.

पहिली अडचण तारखांची. आई-बाबा मेमध्ये येतात आणि ऑक्टोबरात जातात, कारण इथली थंडी त्यांना नको. मुलांच्या शाळेला सुट्टी जून ते ऑगस्ट. आपली रजा चार जुलैला जोडून. तिन्ही जमतात तेव्हा व्हेगासचा पारा बेचाळीस-पंचेचाळीसला असतो. ७ जुलै २०२४ ला तो ४८.९ अंशांवर गेला होता आणि तिथला जुना उच्चांक मोडला होता. हे सांगितलं की बाबांचं उत्तर तयार असतं. "आम्ही नागपूरची माणसं. आम्हाला उन्हाचं सांगू नकोस."

नागपूरचा माणूस मे महिन्यात दुपारी बारा ते चार कूलरसमोर आडवा असतो, हा मुद्दा त्या वेळी काढू नये. कोरड्या हवेबद्दल बोलावं. व्हेगासला उन्हाळ्याच्या दुपारी आर्द्रता दहा टक्क्यांच्या खाली उतरते. घाम येतो, पण येता येताच उडून जातो, म्हणून वाटतं की आपल्याला काही होत नाहीये. संध्याकाळी डोकं ठणकायला लागतं, ओठ फुटतात, एखाद्याचा घोळणा फुटतो. माणशी रोज चार लिटर पाणी धरायचं आणि तहानेची वाट न बघता प्यायचं. बीपीसाठी पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर निघायच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं. पाण्याच्या बाटल्यांचा गठ्ठा स्ट्रिपपासून, म्हणजे मोठमोठ्या हॉटेल-कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यापासून, लांबच्या सुपरमार्केटातून घ्यावा. अख्ख्या गठ्ठ्याच्या पैशात हॉटेलच्या दुकानात जेमतेम एखादी बाटली येते. रात्री झोपताना नाकात साजूक तुपाचं बोट. या बाबतीत आईचा शब्द शेवटचा मानावा, कारण तो बरोबर असतो.

मला विचाराल तर मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. पण मला कोण विचारतं.

आता खोली. मंगळवारी साठ-सत्तर डॉलरला दिसणारी खोली शनिवारी दोनशेच्या वर जाते, आणि शहरात मोठं प्रदर्शन असेल तर मंगळवारीही जाते. जानेवारीच्या सुरुवातीला इलेक्ट्रॉनिक्सचं, नोव्हेंबरच्या सुरुवातीला मोटारींच्या सुट्या भागांचं, आणि २०२३ पासून नोव्हेंबरात फॉर्म्युला वनची शर्यत थेट स्ट्रिपवरून. तेव्हा रस्त्याकडेला कठडे, प्रेक्षकांचे मंच आणि जिकडेतिकडे वळसे. तिकीट काढायच्या आधी त्या आठवड्यात गावात काय आहे ते बघावं. रविवार संध्याकाळ ते गुरुवार, एवढाच काळ आपला.

साठ डॉलरची खोली साठला मिळत नाही, हे आता बहुतेकांना कळून चुकलंय. वर रिसॉर्ट फी, रात्रीला चाळीस-पन्नास डॉलर, आणि त्या सगळ्यावर तेरा टक्क्यांहून जास्त कर. मे २०२५ पासून अमेरिकेत नियम आला, की सक्तीच्या फीसकट आकडा आधीच दाखवायचा. त्यामुळे फी गेली नाही, धक्का तेवढा लवकर बसायला लागला. या फीमध्ये आपल्याला काय मिळतं? वायफाय, व्यायामशाळा आणि खोलीतल्या फोनवरून लोकल कॉल. व्हेगासमध्ये आपल्या ओळखीचं असं कोण आहे, ज्याला लँडलाइनवरून फोन लावायचा, हा बाबांचा प्रश्न रास्त आहे. शिवाय पार्किंग वेगळं, लवकर चेक-इन वेगळं, आणि काउंटरवर कार्डावर अनामत अडकवून ठेवतात ती वेगळीच. ती डेबिट कार्डावर देऊ नये. परत येते, पण आठवडाभर पैसे कुणाचेच नसतात.

खोलीत पाऊल ठेवलं की आईचा पहिला प्रश्न चहाचा. तर स्ट्रिपवरच्या पुष्कळ खोल्यांत किटली नसते, कॉफीचं यंत्रही नसतं. पाहुणा खोलीत चहा पीत बसला तर खाली पैसे कोण घालवणार? फ्रिज असतो, तो उघडला की गच्च भरलेला असतो, आणि तो फ्रिज नाही, मिनीबार आहे. बऱ्याच हॉटेलांत त्यातल्या प्रत्येक बाटलीखाली सेन्सर असतो. बाटली थोडा वेळ जागेवरून हलली की बिलात चढते. घरून डब्यात आणलेलं दही आत ठेवायला जागा करायची, म्हणून आई सोड्याचे कॅन उचलून टेबलावर रांगेत मांडते, आणि तेवढ्या दह्याची किंमत साठ डॉलर होते. काही ठिकाणी आपली वस्तू त्यात ठेवल्याचाही दंड असतो. तेव्हा बुकिंग करतानाच साधा फ्रिज मागावा. इन्सुलिन असेल तर तसं स्पष्ट सांगावं. औषधासाठी म्हटलं की सहसा फुकट देतात. त्याहून बरं म्हणजे छोटं स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी. स्ट्रिपवरच व्डारासारखी हॉटेलं आहेत, जिथे कॅसिनोही नाही आणि सिगारेटचा धूरही नाही. बाकी बहुतेक कॅसिनोंत आतच धूम्रपान चालतं, आणि लिफ्टकडे जायचा रस्ता कॅसिनोतूनच असतो. बाबांना दमा असेल तर खोलीच्या भाड्यापेक्षा हे आधी बघावं.

घरचं खाणं न्यावंच, पण निवडून. पोळ्या त्या हवेत तासाभरात वाळून खडखडीत होतात. थालीपीठ थोडं जास्त टिकतं. चिवडा मात्र उघडा राहिला तरी सादळत नाही, आणि व्हेगासच्या हवेबद्दल चांगलं बोलायचं तर एवढंच.

अंतरं फार फसवतात. स्ट्रिप साधारण सात किलोमीटरची. समोरचं हॉटेल अगदी रस्त्यापलीकडे दिसतं, म्हणून "चालत जाऊ की" असं कुणीतरी म्हणतं. आपल्या खोलीपासून लिफ्टपर्यंत दोन मिनिटं, लिफ्टपासून कॅसिनो ओलांडून दारापर्यंत आठ-दहा मिनिटं, मग सरकता जिना चढून पादचारी पूल, पलीकडे उतरलं की पुन्हा कॅसिनो. त्यात आपल्याबरोबर मुलं. एकवीस वर्षांखालच्यांना कॅसिनोतून जाता येतं, थांबता येत नाही. म्हणजे नातवाच्या बुटाची नाडी सुटली तर ती पुढे जाऊन बांधायची. मोनोरेल आहे, पण ती पूर्वेकडच्या हॉटेलांच्या मागच्या अंगाने धावते; स्टेशनपर्यंत पोचायला पुन्हा अख्खं हॉटेल चालायचं. शिवाय ती विमानतळावर जात नाही. ड्यूस नावाची दुमजली बस चोवीस तास असते, तिचा दिवसाचा पास काढावा आणि आजी-आजोबांना खालीच बसवावं.

विमानाने येणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं, की विमानतळाला टर्मिनल १ आणि ३ आहेत, २ नाही. चुलतभावाला घ्यायला बोलावून त्याला टर्मिनल २ सांगू नये. भाड्याच्या गाड्या विमानतळावर नसतात, बसने दुसऱ्या इमारतीत जावं लागतं. उतरल्यापासून चावी हातात येईपर्यंत तास धरावा.

फुकटात बघण्यासारखं भरपूर आहे, आणि मराठी कुटुंबाचं खरं व्हेगास तेच. बेलाजिओ हॉटेलची कारंजी संध्याकाळनंतर दर पंधरा मिनिटांनी नाचतात, मध्यरात्रीपर्यंत. वारा जोरात असेल तर रद्द करतात, म्हणून ती पहिल्याच रात्री उरकून घ्यावी. आतली फुलांची बाग ऋतूप्रमाणे बदलते, तिच्यापुढे आईचा अर्धा तास कुठे जातो कळत नाही. जुन्या बेतांत मिराज हॉटेलसमोरचा नकली ज्वालामुखी असतो; तो २०२४ च्या जुलैत कायमचा बंद झाला. कुणाच्या तरी फॉरवर्डमध्ये तो अजून धगधगतोय.

हूव्हर धरण पाऊण तासावर. प्रत्येक मराठी कुटुंबात पाटबंधारे नाहीतर वीज मंडळातून निवृत्त झालेलं एक माणूस असतं, त्याच्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. कोयना १०३ मीटर, हे २२१. काँक्रीट घट्ट होताना तापतं, म्हणून आत नळ्या पुरून त्यांतून गार पाणी फिरवलं होतं, हे गाइडने सांगायच्या आधी काका सांगतात. पाण्यातल्या मनोऱ्यांवर दोन घड्याळं आहेत, एक नेवाडाचं, एक ॲरिझोनाचं. उन्हाळ्यात दोन्ही एकच वेळ दाखवतात, हिवाळ्यात ॲरिझोना तासभर पुढे. ॲरिझोना घड्याळं मागे-पुढे करत नाही म्हणून.

हा घोळ खरा नडतो तो अँटिलोप कॅन्यनला. ही अरुंद घळ ॲरिझोनातल्या पेज गावाजवळ, नवाहो आदिवासींच्या जमिनीवर, फक्त गाइडबरोबर प्रवेश. नवाहोंच्या मुलखात उन्हाळ्यात घड्याळ पुढे सरकवतात, पण टूर चालतात ॲरिझोनाच्या वेळेवर, आणि आपला फोन शेजारच्या युटाचा टॉवर पकडून गुपचूप एक तास उडी मारतो. तिथे फोनकडे न बघता मनगटावरचं घड्याळ बघावं. घळीचे अप्पर आणि लोअर असे दोन भाग आहेत. गुडघे दुखत असतील तर अप्पर घ्यावं, ते आतून सपाट आहे, बाहेरून परतताना मात्र थोडे जिने आणि चढ-उतार लागतात. लोअरला उभ्या शिड्या आहेत. जुलै ते सप्टेंबर पावसाचे दिवस. लांब कुठेतरी पडलेल्या पावसाचं पाणी त्या घळीत अचानक घुसतं, म्हणून ऊन असतानाही टूर रद्द होते. यावर भांडू नये.

आणि आता ते 'जवळचं' ग्रँड कॅन्यन. फोटोत असतं ते साउथ रिम, म्हणजे दरीचा दक्षिण काठ. व्हेगासहून साडेचारशे किलोमीटर, न थांबता साडेचार तास. जाऊन-येऊन नऊ तास गाडीत, आणि चाळीस मिनिटं दरीकाठी, त्यातली वीस स्वच्छतागृहाच्या रांगेत. एका दिवसात हे करू नये, तिथे मुक्काम करावा. सात हजार फूट उंची आहे, म्हणून व्हेगासच्या ट्रिपला स्वेटर कशाला, असं कुणी विचारलं तरी तो न्यावा. दोन-सव्वादोन तासांवर आहे ते वेस्ट रिम, काचेच्या स्कायवॉकचं. ते हुआलापाई आदिवासींचं, राष्ट्रीय उद्यानाचा पास तिथे चालत नाही. साउथ रिमला चालतो, पण २०२६ पासून परदेशी पाहुण्यांना काही मोठ्या उद्यानांत माणशी शंभर डॉलर जादा लावलेत, त्यात हे आहे. आई-बाबांचे दोनशे धरूनच चालावं, आणि हा आकडा आईला परतीच्या प्रवासात सांगावा.

परतीचा प्रवास लॉस एंजेलिसकडे असेल तर रविवारी दुपारी निघू नये. चार तासांचा आय-१५ महामार्ग त्या दिवशी सात-आठ तास घेतो. सगळं कॅलिफोर्निया त्याच वेळी घरी निघालेलं असतं. सोमवारी सकाळी निघावं. वाटेत बेकर गावात १३४ फूट उंचीचा तापमापक आहे, १९१३ मध्ये डेथ व्हॅलीत नोंदलेल्या १३४ फॅरनहाइटच्या मानाने. फोटोला थांबलात तर पेट्रोलही तिथेच भरू नका, महाग असतं. कॅलिफोर्नियात शिरताना शेतमाल तपासायची चौकी लागते. बहुतेक वेळा हात करून सोडतात. कधी खिडकीशी वाकून विचारतात, फळं आहेत का? तेव्हा पुढे बसलेल्याने पटकन खरं सांगून टाकावं, कारण मागून आईने संत्र्यांची पिशवी आधीच वर उचललेली असते, साहेबांना एक द्यायला.