एक गुंठा, पंचेचाळीस देवता

प्लॉट स्वस्तात मिळाला तेव्हाच शंका यायला हवी होती. एक गुंठा, ३३ बाय ३३ फूट, रस्ता दक्षिणेला. दक्षिणमुखी म्हणून कुणी घेत नव्हतं. आपण पुरोगामी, घेऊन टाकला. घरी अण्णा म्हणाले, "बरं केलंस. आता वास्तुतज्ज्ञांना बोलाव." पुरोगामित्व तिथंच आटोपलं.

तज्ज्ञ होकायंत्र घेऊन आले आणि नेमके लोखंडी सळयांच्या ढिगाशेजारी उभे राहिले. सुई शेजाऱ्यांच्या संडासाकडे वळली. "उत्तर इकडे कशी?" ते गंभीर झाले. मीही झालो, कारण त्यांची फी तासावर होती. दहा पावलं सरकल्यावर उत्तर जागेवर आली.

मग त्यांनी कागदावर ८१ चौकटी आखल्या. ही पदं. त्यांवर पालथा पडलेला वास्तुपुरुष, डोकं ईशान्येला, पाय नैऋत्येला. अंगावर ४५ देवता. आम्ही माणसं पाच. भोवतीची जागा सोडून घराला उरले होते २७ बाय २७ फूट, म्हणजे एकेक पद ३ फुटांचं. त्यातली मधली नऊ पदं एकट्या ब्रह्मदेवाची. ८१ चौरस फूट, मोकळे ठेवायचे! चिरंजीवांच्या वाट्याला खोली येत होती ७० फुटांची.

"वाड्यातला चौक तो हाच," तज्ज्ञ म्हणाले. खरंय, चौकातून घरभर उजेड-वारा यायचा. पण चौकाभोवती वाडाही असायचा की हो!

आमची आर्किटेक्ट बिचारी शहाणी मुलगी. म्हणाली, "काका, स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम पाठीला पाठ लावून ठेवू. पाइप वाचेल." पण स्वयंपाकघर आग्नेयेला, संडास आणि सेप्टिक टँक वायव्येला. पाण्याचा हौद ईशान्येला. गच्चीवरची टाकी नैऋत्येला. तिनं पट्टी ठेवून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात दोन रेषा ओढल्या. जिथं फुली झाली तिथं बोट ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. बरोब्बर ब्रह्मदेवाच्या पोटात.

"तिथून पाइप न्यायचा नाही," तज्ज्ञ म्हणाले.

"मग?"

"वळसा घाला."

वळशाचे फूट प्लंबरनं मोठ्या आवडीनं मोजले. प्लॉटमध्ये वाचलेले पैसे तिथून पुढे पाइपातून वाहायला लागले.

राहता राहिलं दार. दक्षिणेलाही चालतं म्हणे, फक्त पूर्वेकडून मोजून चौथ्या पदात. त्या पदाची देवता गृहक्षत. "नावातच क्षत, म्हणजे जखम, आणि हे शुभ?" बायकोनं विचारलं. "अन्नधान्याची भरभराट होते," उत्तर आलं. होऊ दे बापडी. हप्ते फेडून खायला काही उरलं पाहिजे ना. ३ फुटांतून चौकटीची लाकडं वजा जाता दार राहिलं अडीच फुटांचं. तेही मान्य.

रविवारी टेप घेऊन प्लॉटवर गेलो. चौथं पद मोजलं, फक्की टाकली, तिथं उभा राहून रस्त्याकडे पाहिलं. समोर विजेचा खांब.

"द्वारवेध. दारासमोर खांब म्हणजे दोष," मागून अण्णा पुटपुटले.

सोमवारी वीज कार्यालयात खांब हलवण्याचा अर्ज नेला. 'कारण' या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून लिहिलं, "गृहक्षत." खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून वाचलं आणि काळजीनं विचारलं, "शॉक कुणाला बसलाय?"