रोटोरुआचा हाका 'नाटक' नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. न्यूझीलंडमधल्या रोटोरुआ शहरावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत की तिकीट काढून पाहिलेला हाका नाच म्हणजे पर्यटकांसाठी मांडलेलं नाटक, ती तिथल्या मूळ रहिवाशांची, माओरींची, संस्कृती नव्हे. आणि गरम पाण्याची कुंडं तर आपल्या वज्रेश्वरीलाही आहेत.

एक चूक माझीच. हाकाला नुसतं 'युद्धनृत्य' म्हणून मी पुढे गेलो. पाहुण्यांच्या स्वागताला आणि मयतालाही हाका होतो. ते वाक्य आता सुधारलं आहे.

'नाटक' मात्र पटत नाही. रोटोरुआतल्या व्हाकारेवारेवा या माओरी गावात आम्हाला फिरवणाऱ्या बाई तुहोउरांगी या माओरी जमातीच्या होत्या. एकोणिसाव्या शतकात हेच लोक 'ते वाइरोआ' नावाच्या गावातून परदेशी पाहुण्यांना गरम झऱ्यांनी घडवलेल्या सिलिकाच्या गुलाबी-पांढऱ्या पायऱ्या दाखवायला नेत. 10 जून 1886च्या पहाटे जवळचा तारावेरा हा ज्वालामुखी पर्वत फुटला. सुमारे 120 माणसं गेली, त्यातली बहुतेक माओरी. पायऱ्या नाहीशा झाल्या, 'ते वाइरोआ' राख-चिखलाखाली गाडलं गेलं. वाटाड्या सोफिया हिनेरांगी यांच्या घरात आसरा घेतलेली माणसं वाचली. घरदार गेलेल्या अनेकांना व्हाकारेवारेवाने जागा दिली आणि सोफियाबाई तिथेही पाहुण्यांना वाट दाखवू लागल्या. आलेल्याला आपली भूमी दाखवणं हा या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय आहे. त्याचे पैसे घेतले म्हणून तो खोटा कसा ठरतो? त्या गावात आजही माणसं राहतात, जमिनीतून येणाऱ्या वाफेवर जेवण शिजवतात. उकळत्या कुंडात शिजलेलं मक्याचं कणीस मी तिथे उभ्या उभ्या खाल्लं.

आता वज्रेश्वरी. तिथलं पाणी भेगांमधून खोल उतरतं, तापतं आणि वर येतं. रोटोरुआ मात्र एका जुन्या ज्वालामुखीच्या खोलगट कुंडात वसलंय आणि तिथे पाणी तापतं ते खालच्या शिलारसाच्या उष्णतेवर. व्हाकारेवारेवातला पोहुतू गीझर, म्हणजे जमिनीतून उसळणारा गरम पाण्याचा फवारा, कधीकधी 30 मीटरपर्यंत उडतो. गीझरला जमिनीखालचा दाब लागतो. शहरातल्या घरांनी आणि हॉटेलांनी बोअर पाडून गरम पाणी उपसलं, तसे गीझर मंदावले. अखेर 1986 साली सरकारने पोहुतूच्या दीड किलोमीटर परिघातले बोअर बंद करायला लावले. लोकांचा विरोध झाला, पण गीझर पुन्हा सावरू लागले.

सोफियाबाईंबद्दल मूळ लेखात एक ओळही नव्हती, याची मला खरंच खंत वाटते. तुमच्या प्रतिक्रियेमुळे ते लक्षात आलं. त्यांच्यावरचा परिच्छेद आज रात्री लेखात घालतो आहे.