हिऱ्यांचा तारा मिळवायचा आहे?

गळ्यात हिरे मिरवायची हौस असेल तर सोनाराकडे जाऊ नका. त्याच्या हिऱ्यांनी नावाआधी 'सर' लागत नाही. त्यासाठी हिरे इंग्रज सरकारकडूनच, 'स्टार ऑफ इंडिया' या किताबाच्या ताऱ्यातून यायला हवेत, आणि ते कसे येतात हे शिकायला देवरुखच्या दिनकरराव राजवाड्यांसारखा गुरू नाही.

जन्म १८१९चा, पुढे ग्वाल्हेरचे दिवाण. माणूस कर्तबगार. शिंद्यांच्या विस्कटलेल्या कारभाराची घडी त्यांनीच बसवली. पण तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका, चांगल्या कारभाराला तारा मिळत नसतो. तुम्ही शिकायचं ते पळायची दिशा ओळखायला.

१ जून १८५८. तात्या टोपे, नानासाहेब पेशव्यांचे पुतणे रावसाहेब आणि झाशीची राणी ग्वाल्हेरच्या दाराशी. शिंद्यांची फौज खुद्द महाराज जयाजीरावांच्या डोळ्यांदेखत त्यांना जाऊन मिळाली. जयाजीरावांनी घोडा आग्र्याकडे वळवला, दिवाणजीही आग्र्यालाच पोचले. आग्र्यात इंग्रज होते. तुम्हीही असंच करा. ग्वाल्हेरात थांबून लढलात तर फार तर पुतळा होतो, आणि तो बघायला आपण नसतो.

मग थोडी वाट बघायची. १८६१ साली राणी व्हिक्टोरियाने 'स्टार ऑफ इंडिया' हा किताब काढला. १८६६ला त्याच्या तीन पायऱ्या झाल्या आणि त्याच साली दिनकररावांना मधली मिळाली. आता दागिना नीट बघा. वर हिऱ्यांचा पंचकोनी तारा, खाली गोमेदात कोरलेला राणीचा मुखडा, भोवती हिऱ्यांचीच अक्षरं: स्वर्गीचा प्रकाश आमचा वाटाड्या. आपल्या लोकांच्या धर्माला धक्का नको म्हणून क्रूस मुद्दाम वगळलेला. सोवळ्यातल्या माणसाचीही केवढी सोय! वरच्या पायरीला फिकट निळ्या सॅटिनचा पायघोळ झगाही मिळायचा. पोळ्याला बैलावर झूल घालतात, तिच्याशी त्याची तुलना करू नका. बैल दुसऱ्या दिवशी झूल मागत नाही.

तारा मिळाला की आपल्या शब्दाला वजन येतं, असा एक गैरसमज आहे. तो वेळीच काढून टाका. नोव्हेंबर १८७४मध्ये बडोद्याचे रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात विष सापडलं: सोमल आणि हिऱ्याची पूड. आळ आला बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाडांवर. (हिरा गळ्यात असला तर मान, पेल्यात सापडला तर खटला, एवढं भान ठेवा.) चौकशीला सहाजणांचं कमिशन बसलं, तीन इंग्रज आणि तीन आपले: जयाजीराव, जयपूरचे महाराज आणि आपले सर दिनकरराव. इंग्रज तिघे म्हणाले, दोषी. आपले तिघे म्हणाले, गुन्हा शाबीत नाही. तीनास तीन. एप्रिल १८७५मध्ये सरकारने विषाचं प्रकरण बाजूला ठेवलं आणि गैरकारभाराच्या नावाखाली मल्हाररावांना गादीवरून उतरवलं.

म्हणजे आग्र्याला पळाल्याचं सार्थक झालं, पण उभ्या जन्मात एकदा तोंडावर 'नाही' म्हटलं ते कुणी हिशेबात धरलं नाही. तेव्हा तुम्ही 'नाही' म्हणायला हरकत नाही, सरकार मनावर घेत नाही.

मल्हाररावांच्या जागी दत्तक आलेल्या सयाजीरावांचं अनुकरण मात्र कटाक्षाने टाळा. १९११च्या दिल्ली दरबारात हे गृहस्थ साध्या पांढऱ्या पोशाखात, दागदागिन्यांशिवाय गेले, बादशहा पंचम जॉर्जला एकदाच मान लववली आणि पाठ फिरवून चालू लागले. त्यावर एवढं काहूर उठलं की खुलाशाचं पत्र लिहावं लागलं.

आणि हो, घरच्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. हा तारा नातवाच्या मुंजीत घालायला किंवा लेकीच्या लग्नात मोडायला उपयोगी नाही. तो उसना असतो. धनी गेला की वारसांनी सरकारजमा करायचा, असा नियमच होता. तेराव्याची सामानाची यादी कराल तेव्हा त्यातच टिपून ठेवा, आणि पोचपावती घ्यायला विसरू नका.