फॉर्म भरला, प्रयोग तोच

भारतात एखाद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत कुणी भाजल्याची बातमी आली की माझ्या तिथल्या शिक्षक मित्रमैत्रिणींत ठरलेला वाद पेटतो. एक बाजू म्हणते, परदेशात प्रत्येक प्रयोगाचं रिस्क असेसमेंट (धोका कुठे आणि तो कसा टाळायचा याची तपासणी) लेखी असतं, आपल्याकडेही सक्ती करा. दुसरी म्हणते, आम्ही तोंडाने पिपेट ओढून शिकलो, आम्हाला काय झालं? हल्ली तिसरी बाजूही आहे: प्रॅक्टिकल कॉम्प्युटरवरच उरका. मी ब्रिटनमध्ये पदवीच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घेते आणि ही असेसमेंट्स लिहिते, म्हणून ‘तिकडे कसं असतं?’ हा प्रश्न शेवटी माझ्याकडे येतो.

इकडेही बराच कागद कॉपी-पेस्टच असतो. घातक पदार्थांबाबतचे २००२ चे नियम (इथे सगळे ‘कॉश’ म्हणतात) काम सुरू करण्याआधी धोका तपासायला सांगतात, आणि पाच किंवा अधिक कर्मचारी असतील तर महत्त्वाचे निष्कर्ष लिहून ठेवायला. प्रत्यक्षात अनेकजण सेफ्टी डेटा शीट (रसायनासोबत येणारं धोक्यांचं माहितीपत्रक) उघडतात, धोक्याची वाक्यं उतरवतात आणि खाली ‘गॉगल, ग्लोव्हज, लॅब कोट’ लिहून मोकळे होतात. तपासली जाते ती बाटली, काम राहूनच जातं. ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे जेमतेम ०.४ टक्के, तसं सौम्यच. पण २ मोलर द्रावण घेऊन एखादी बुटकी मुलगी डोळ्यांच्या वर असलेल्या ब्युरेटमध्ये (स्टँडला लावलेल्या मापाच्या उभ्या नळीत) ओतत असेल, तर तिथे पहिलं वाक्य ‘ब्युरेट खाली घ्या’ हवं. ते कुठल्याच डेटा शीटमध्ये सापडत नाही.

कागद असूनही काय होतं, ते २०१६ मध्ये दिसलं. २,४-डायनायट्रोफेनिलहायड्रॅझिन हे रसायन सुकलं तर स्फोटक होतं. ब्रिटिश शाळांच्या कपाटांत त्याच्या जुन्या बाटल्या निघाल्या आणि लष्कराच्या बॉम्बनाशक पथकांना शाळाशाळांत जावं लागलं.

‘आम्हाला काय झालं’वाल्यांना मी लासेनची टेस्ट आठवायला सांगते: सेंद्रिय पदार्थात नायट्रोजन, सल्फर, हॅलोजन आहे का हे बघायला तो सोडियमबरोबर काचेच्या छोट्या नळीत तापवतात. लाल होईपर्यंत तापवलेली फ्यूजन ट्यूब पाण्यात टाकायची, काच तडकते, उरलंसुरलं सोडियम पाण्यात पेट घेतं. आणि हे वीस-पंचवीस जणांची बॅच खांद्याला खांदा लावून करते. पुढे हॅलोजनच्या टेस्टआधी अर्क नायट्रिक ॲसिडबरोबर उकळायचा, म्हणजे सायनाइड आणि सल्फाइड निघून जातात. जर्नलमध्ये कारण लिहिलेलं असतं: अडथळा दूर होतो. तो जातो कुठे? फ्यूम हूड (वायू बाहेर खेचून घेणारं कपाट) नसेल तर खोलीत, हायड्रोजन सायनाइड आणि हायड्रोजन सल्फाइड होऊन. प्रमाण थोडं असतं, मान्य. पण हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं, त्यामुळे वास थांबला म्हणून वायू गेला असं धरून चालत नाही. शिवाय बेंझिन किंवा डायक्रोमेट यांसारख्या कर्करोगकारक रसायनांचा हिशोब वर्षांनी होतो. ज्यांचा झाला, ते या वादात बोलायला नसतात.

प्रामाणिक असेसमेंट इथे ग्लोव्हजपाशी थांबूच शकत नाही. अर्क शिक्षकाने हूडमध्ये आधीच करून ठेवला तर? ड्रॉपरभर द्रावणात टेस्ट भागत असेल तर परीक्षानळी भरायची कशाला? लिहून झाल्यावर प्रयोग जसाच्या तसा राहिला, तर मला त्या कागदाचा संशय येतो. (कॉम्प्युटरवाल्यांना एवढंच: माउसने ट्यूब तोंडापासून लांब धरायची सवय लागत नाही.)

नक्कल करायचीच, तर आमच्या टेक्निशियनला असेसमेंटच्या बैठकीत बसवतात, त्याची करा. भारतात कॉन्सन्ट्रेटेड ॲसिड पातळ करणारा, फुटलेली काच उचलणारा, उरलेलं बेसिनमध्ये ओतणारा बहुधा लॅब अटेंडंट असतो. पहिली बॅच आत येण्याआधीच त्याची जोखीम सुरू झालेली असते, आणि त्याला कुणी विचारत नाही.

शिक्षकावर सगळा भार टाकणंही मला पटत नाही. सीबीएसईच्या बारावीच्या प्रॅक्टिकलमध्ये ओळखायच्या कॅटायनांच्या (धन आयनांच्या) यादीत वर्षानुवर्षं शिसं होतं, आर्सेनिकसुद्धा. एक्स्टर्नल (बाहेरून येणारा परीक्षक) ते सॉल्ट देणार असेल, तर कुठला शिक्षक ते वर्गातून वगळेल? सक्तीची मागणी करणाऱ्यांनी पहिला फॉर्म अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीच्या हातात द्यावा. प्रत्येक सॉल्टसमोर एकच रकाना: हेच का, दुसरं का नाही?